नागार्जुन : नावाचा वारसा आणि विचाराचा वारसा

१

नाव ही गोष्ट आपल्या समाजात कधीच साधी नव्हती. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंद्य असावे, असा दंडक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात घालून दिलेला आहे. कचरू, दगडू, धोंड्या, उकिरड्या ही नावे आपल्या आज्यापणज्यांच्या वाट्याला आली त्यामागे हा दंडक उभा होता. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून ओंगळ नाव ठेवण्याची रीत वरच्या जातींतही होती, हे खरे आहे. पण तेथे धोंडूचा धोंडोपंत होत असे. आपल्याकडे धोंड्याचा धोंड्याच राही. नाव तेच, दगड तोच. त्याला मिळणारा मान मात्र जातीवरून ठरे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर हा दंडक मोडला गेला. नागपूरच्या वस्त्यांतून सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, नागसेन, सुजाता, विशाखा, संघमित्रा अशी नावे घरोघर आली. हे नामांतर म्हणजे एक सांस्कृतिक विद्रोह होता आणि तो कोणत्याही ठरावाशिवाय, कोणत्याही कार्यालयाशिवाय, बारशाच्या पाळण्यापाशी घडला. या नावांच्या रांगेत एक नाव जरा मागे उभे राहिले. ते म्हणजे नागार्जुन. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे नाव मिळाले, त्याच्या परिसराला नागसेनवन म्हटले गेले. त्यामुळे मिलिंद आणि नागसेन आपल्या परिचयाचे झाले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू ही जोडी डोळ्यांपुढे उभी राहते. नागार्जुनाचे तसे चित्र डोळ्यांपुढे येत नाही. त्याच्याभोवती दंतकथांचे धुके आहे आणि त्याच्या ग्रंथाभोवती अवघडपणाचा दरारा.

तरीही नागपूरला हे नाव टाळता येत नाही. रामटेकच्या परिसरात नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहे. मनसरच्या उत्खननामागे हे नाव आहे. दीक्षाभूमीच्या अलीकडच्या इतिहासात हे नाव धारण केलेला एक भिक्षू आहे. शिवाय हिंदीतल्या एका मोठ्या कवीने हेच नाव घेऊन दलितांच्या हत्याकांडावर दीर्घ कविता लिहिली आहे. एवढ्या भिन्न माणसांनी एकच नाव वाहिले असेल, तर त्यांतले आपण काय स्वीकारायचे, याची चिकित्सा दलित समीक्षेने केली पाहिजे. नाव मिरवणे सोपे असते. नावाच्या आत काय आहे ते पाहणे अवघड असते, आणि कधीकधी गैरसोयीचेही.

२

प्रथम हे सर्व नागार्जुन एकमेकांपासून वेगळे करू.

पहिला तो माध्यमिक मताचा आचार्य. साधारणतः इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात तो होऊन गेला, असे अभ्यासक मानतात. त्याचा मुख्य ग्रंथ ‘मूलमध्यमककारिका’; सत्तावीस प्रकरणे आणि साडेचारशेच्या आसपास कारिका. ‘विग्रहव्यावर्तनी’ हा त्याचा दुसरा ग्रंथ सत्तर कारिकांचा. आक्षेपकांना उत्तरे देणारा. त्याची मूळ संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायनांनी तिबेटातून शोधून आणली. ‘रत्नावली’ हा ग्रंथ त्याने एका राजाला उपदेशादाखल लिहिला. परंपरा त्या राजाला सातवाहन म्हणते. तुरुंगातल्या कैद्यांनासुद्धा न्हावी, स्नान, अन्न, पाणी, औषध आणि वस्त्र मिळाले पाहिजे, असे त्यात राजाला बजावलेले आहे. शून्याची मीमांसा करणारा हा माणूस जगाकडे पाठ फिरवून बसलेला नव्हता, हे एवढ्यावरून कळावे.

दुसरा नागार्जुन रससिद्ध. पाऱ्यापासून सोने करण्याची विद्या त्याच्या नावावर आहे. ‘रसेंद्रमंगल’सारखे ग्रंथ त्याच्या नावाने चालतात. अकराव्या शतकात अल्बेरूनीने सोमनाथाजवळच्या एका किल्ल्यातल्या नागार्जुन नावाच्या रसायनविद्येच्या जाणकाराचा उल्लेख केला आहे आणि तो आपल्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे होऊन गेला असे म्हटले आहे. तिसरा नागार्जुन चौऱ्यांशी सिद्धांतला, तांत्रिक. चौथा वैद्य; सुश्रुतसंहितेवर संस्कार करणारा म्हणून टीकाकार डल्हण त्याचे नाव घेतो. आंध्रातल्या जग्गय्यपेट येथे सापडलेल्या बुद्धमूर्तीच्या लेखात नागार्जुनाचार्यांच्या शिष्याच्या शिष्याचे नाव आहे. त्या लेखाची लिपी माध्यमिक आचार्यानंतर काही शतकांची. तिबेटी परंपरेने ही सारी माणसे एकात कालविली आणि तिच्या नागार्जुनाला सहाशे वर्षांचे आयुष्य दिले. एका माणसाला सहाशे वर्षे जगवावे लागते तेव्हा समजावे की एका नावाखाली अनेक माणसे उभी आहेत.

ठिकाणांचेही तसेच. गयेजवळच्या नागार्जुनी टेकडीतल्या गुंफा अशोकाचा नातू दशरथ याने आजीवकांना दिलेल्या आहेत. त्या आचार्य नागार्जुनाच्या कित्येक शतके आधीच्या. टेकडीला नाव मागाहून चिकटले. आंध्रातले नागार्जुनकोंडा हे इक्ष्वाकू राजांचे विजयपुरी. तेही नाव उत्तरकालीन. धरणाची कोनशिला १९५५ साली बसली, त्या पाण्याखाली ते प्राचीन नगर गेले आणि धरणाला नाव मिळाले नागार्जुनसागर. आज तेलुगू चित्रपटातल्या नटामुळे हे नाव अनेकांच्या तोंडी आहे. त्यात वावगे काही नाही. नाव वाहत असते. ते कोणाच्या दारी थांबेल हे सांगता येत नाही.

नावाची फोड मात्र आपल्याला जवळची आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी कुमारजीवाने चिनी भाषेत आणलेल्या चरित्रात सांगितले आहे की, आईने त्याला अर्जुनाच्या झाडाखाली जन्म दिला आणि नागांमुळे त्याची साधना पूर्ण झाली. म्हणून तो नागार्जुन. नागराजाने त्याला आपल्या प्रासादात नेऊन महायानाची सूत्रे दिली, अशी कथा आहे. आपल्या विदर्भातला अर्जुनसादडा आणि आपल्या नागनदीचा नाग, दोन्ही त्या नावात आहेत. येथूनच मोह सुरू होतो.

३

तो मोह असा की, नागार्जुन आपल्याच मातीतला आहे असे सिद्ध करावे.

या मोहाला आधार नाही असे नाही. चौदाव्या शतकातला तिबेटी इतिहासकार बुस्तोन नागार्जुनाचा जन्म विदर्भात झाला असे सांगतो. सातव्या शतकात ह्युएन त्संगाने कोसल देशाच्या वर्णनात सातवाहन राजाने नागार्जुनासाठी डोंगर कोरून विहार बांधल्याचे नोंदविले आहे, आणि त्या कोसलाचा शोध घेताना कनिंगहॅम चांद्यापर्यंत आला होता. पण याच परंपरा आणखीही एक गोष्ट सांगतात. नागार्जुन ब्राह्मणाच्या घरी जन्मला, असे कुमारजीवही सांगतो आणि बुस्तोनही. मातीचा पुरावा म्हणून बुस्तोनला उभे करायचे आणि जन्माच्या वेळी त्याचे तोंड बंद करायचे, हे प्रामाणिक संशोधनाचे लक्षण नव्हे.

मनसरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने गेले की रामटेकच्या अलीकडे मनसर लागते. तेथे नागार्जुनाचे स्थान शोधावे या तळमळीतून नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्राने पुढाकार घेतला आणि १९९८ पासून जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली मोठे उत्खनन झाले. दलित-बौद्ध समाजाच्या पुढाकाराने एवढे मोठे उत्खनन व्हावे, ही आपल्या सांस्कृतिक इतिहासातली अभिमानाची घटना आहे. त्या मातीतून जे निघाले त्याने मात्र अपेक्षेपेक्षा वेगळे सांगितले. हिडिंबा टेकडीवर विटांचे भव्य मंदिर निघाले, शैव मूर्ती निघाल्या, प्रवरेश्वराचे नाव असलेल्या मुद्रा निघाल्या. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे प्रवरपूर आणि त्याचा राजवाडा येथे होता, असा निष्कर्ष पुढे आला. महामहोपाध्याय मिराशींनी प्रवरपूर म्हणजे पवनार असे मत मांडले होते. त्या मताचाही फेरविचार करावा लागला. उत्खननकर्त्यांनी बौद्ध स्तूपांचे अवशेषही असल्याचे मांडले. इतर अभ्यासकांचा भर शैव अवशेषांवर राहिला. वाद चालू राहील. पण एवढे खरे की, ज्या नागार्जुनासाठी कुदळ मारली, त्याचे नाव सांगणारा लेख हाती आला म्हणून तो वाद मिटला, असे झालेले नाही.

यात खेद मानण्याचे कारण नाही. विदर्भाच्या मातीत बौद्ध इतिहास भरपूर आहे आणि त्याला खोट्या आधाराची गरज नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी येथे १९६९-७० साली पुरातत्त्व खाते आणि नागपूर विद्यापीठ यांनी मिळून केलेल्या उत्खननात स्तूप निघाले. एका स्तंभावर पाच फण्यांचा नाग आणि खाली मुचलिंद नागाचे नाव कोरलेले निघाले. बुद्धावर फणा धरणारा तो मुचलिंद. नाग आणि बुद्ध यांचे नाते सांगायला पवनीचा दगड पुरेसा आहे.

पण माती कुणाला वाचवीत नाही, हेही लक्षात ठेवावे. ज्या भंडारा जिल्ह्यात मुचलिंदाचे शिल्प सापडले, त्याच जिल्ह्यात २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडले. मातीच्या खाली स्तूप असतो आणि मातीच्या वर गावगाडा असतो. खालचा स्तूप वरच्या गावगाड्याला आपोआप माणुसकी शिकवीत नाही.

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात नागपूरची निवड का केली हे सांगताना नागलोकांनी बौद्ध धर्माचा प्रसार केला याचे स्मरण करून दिले. काही जण त्याचा अर्थ रक्ताचा दावा असा करतात. तो अर्थ बाबासाहेबांच्याच ग्रंथांत बसत नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेची वांशिक उपपत्ती साफ नाकारली आहे. स्पृश्य आणि अस्पृश्य यांचे रक्त वेगळे नाही. त्यांची परिस्थिती वेगळी केली गेली, हा त्यांचा सिद्धांत आहे. नागांचे स्मरण त्यांनी इतिहासातल्या एका संघर्षाचे स्मरण म्हणून केले. ते धमन्यांतून वाहत नाही; ते जाणीवपूर्वक पत्करावे लागते.

या मुद्द्यावर नागपूरने स्वतःच एक उत्तम दाखला दिलेला आहे. या शहरात नागार्जुनाचे नाव ज्यांच्यामुळे जिवंत राहिले ते भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई जन्माने जपानी. १९३५ साली तिकडे जन्मलेला हा माणूस १९६६ साली भारतात आला, नागपूरचा झाला, इंदोऱ्याच्या विहारातून हिंडला, भारताचा नागरिक झाला आणि १९९२ च्या सुमारास बोधगयेच्या महाबोधी विहाराच्या मुक्तीच्या आंदोलनात पुढे उभा राहिला. नागार्जुनाच्या दृष्टांताने आपण नागपूरला आलो असे ते सांगत. दृष्टांत मानायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. मातीचा नाही, रक्ताचा नाही, भाषेचा नाही, असा माणूस या नावाचा वारसदार ठरला. कारण तो त्या नावाचे काम करीत होता. नागपूरच्या जनतेने त्याला जात विचारली नाही आणि गावही विचारले नाही. संशोधनात आपण जे विसरतो ते आपल्या जनतेने व्यवहारात केव्हाच ओळखले होते.

४

मग नागार्जुनाचे काम कोणते? ते एका शब्दात सांगता येते : स्वभावाचे खंडन.

स्वभाव हा शब्द आज आपण ‘त्याचा स्वभाव चिडका आहे’ अशा अर्थाने वापरतो. तत्त्वज्ञानात त्याचा अर्थ अधिक कठोर आहे. जे दुसऱ्या कशावर अवलंबून नाही, जे मुळातच तसे आहे आणि कधीही बदलणार नाही, ते स्वभाव. कारिकांच्या पंधराव्या प्रकरणात नागार्जुन विचारतो की, अशी वस्तू जगात आहे काय? जे कारणांनी घडले ते घडविलेले झाले. घडविलेल्याला स्वभाव कसा म्हणावा? म्हणून जगातली प्रत्येक वस्तू स्वभावाने रिकामी, शून्य आहे. शून्य म्हणजे ‘नाही’ असे नव्हे. शून्य म्हणजे ‘आपल्या बळावर उभे नाही’.

आता हा विचार जातीला लावून पाहा. चातुर्वर्ण्याचा सारा डोलारा स्वभावावर उभा आहे. गीतेत चारी वर्णांची कर्मे स्वभावातून निपजलेल्या गुणांप्रमाणे वाटलेली आहेत. ब्राह्मणाचे ब्राह्मण्य आणि शूद्राचे शूद्रत्व मुळातच असते, ते कशाने घडत नाही आणि कशाने पुसत नाही, असा हा दावा आहे. नागार्जुनाने कारिकांत जातिसंस्थेवर प्रकरण लिहिलेले नाही. पण ज्या खुंटीवर जात टांगलेली होती ती खुंटीच त्याने भिंतीतून उपटली. पुढे अश्वघोषाच्या नावावर चालणाऱ्या ‘वज्रसूची’ने आणि धर्मकीर्तीने जातिवादाची उघड खिल्ली उडविली. बौद्ध विचाराची ही धार एकाच पात्याची आहे.

हे मी ओढूनताणून जुळवीत नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी अनित्यतेच्या विवेचनात शून्यतेचा अर्थ सांगितला आहे. शून्यता म्हणजे सर्वनाशवाद नव्हे, शून्यता म्हणजे जगातला क्षणोक्षणीचा बदल; आणि शून्यता आहे म्हणूनच सारे काही शक्य होते, तिच्याशिवाय काहीच शक्य होणार नाही, असा त्यांचा आशय आहे. कारिकांचे चोविसावे प्रकरण उघडावे. तेथे नागार्जुन आक्षेपकाला हेच सांगतो की, ज्याला शून्यता जुळते त्याला सर्व काही जुळते. सतराशे वर्षांचे अंतर ओलांडून दोन वाक्ये एकमेकांशी हात मिळवितात. बाबासाहेबांनी तेथे नागार्जुनाचे नाव मिरविलेले नाही. त्यांनी त्याचा विचार वापरला. वारसा घ्यायचा तो असा.

शून्यतेचा हा अर्थ दलितांइतका दुसऱ्या कुणाला लवकर कळायला हवा? शूद्रत्वाला स्वभाव असता तर शिक्षणाने ते गेले नसते, चवदार तळ्याने गेले नसते, धम्मदीक्षेने गेले नसते. माणूस बदलू शकतो, कारण तो कोणत्याही शिक्क्याने भरलेला नाही.

५

आता चौथ्या दशकातल्या एका नामांतराकडे वळू. १९११ साली जन्मलेले, दरभंग्याकडच्या तरौनी गावचे मैथिल ब्राह्मण वैद्यनाथ मिश्र १९३६ साली सिंहलद्वीपात केलनियाच्या विद्यालंकार परिवेणात गेले, बौद्ध भिक्षू झाले आणि त्यांनी नाव घेतले नागार्जुन. त्यांच्या आधी त्याच परिवेणात केदारनाथ पांडे राहुल सांकृत्यायन झाले होते. नागार्जुन १९३८ साली परतले आणि स्वामी सहजानंदांच्या किसान आंदोलनात शिरले, तुरुंगात गेले. पुढे त्यांनी चीवर सोडले. नाव सोडले नाही. मैथिलीत ते ‘यात्री’ या नावाने लिहीत. त्या भाषेतल्या कवितासंग्रहाला १९६८ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. शेतमजूर पोराची कहाणी सांगणारी ‘बलचनमा’ ही त्यांची कादंबरी प्रसिद्धच आहे. १९९८ साली ते वारले.

२७ मे १९७७ रोजी बिहारमधल्या बेलछी गावात अकरा जणांना मारून जाळण्यात आले. त्यांतले आठ जण दलित होते. या हत्याकांडावर नागार्जुनांनी ‘हरिजन गाथा’ ही दीर्घ कविता लिहिली. हिंदीतल्या सवर्ण कवींत एवढ्या तातडीने, एवढ्या संतापाने बेलछीला सामोरा जाणारा कवी विरळा. त्याचे ऋण मान्य करूनच पुढची चिकित्सा केली पाहिजे.

कवितेत हत्याकांडाच्या आधीच वस्तीतल्या गर्भार बायांच्या पोटातली भ्रूणे अस्वस्थ होतात. हत्याकांडानंतर वस्तीत एक मूल जन्मते. संत गरीबदास त्याचा तळहात पाहतात आणि त्यांना रेषांत हत्यारांच्या खुणा दिसतात. हे पोर पुढे सर्वांचा उद्धार करील असे भाकीत होते. त्याला सांभाळण्यासाठी कोळशाच्या खाणींच्या मुलखात धाडून देण्याचे ठरते. कल्पना जबरदस्त आहे. मारलेल्यांच्या बाजूने अजून न जन्मलेले उभे राहतात, हे चित्र वाचकाला हलविते.

तरी प्रश्न उरतात. पहिला प्रश्न शीर्षकाचा. दलित पँथरची स्थापना १९७२ ची. गांधींनी रूढ केलेला ‘हरिजन’ हा शब्द बाबासाहेबांच्या चळवळीने कितीतरी आधी नाकारला होता. कवितेच्या आत ‘दलित’ शब्द येतो, मग तो दारावर का येत नाही? दुसऱ्याचे नाव कोणी ठेवायचे, हा प्रश्न स्वतःचे नाव स्वतः निवडणाऱ्या कवीला तरी पडायला हवा होता.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. विद्रोह तळहातावर लिहिलेला असतो काय? ज्या समाजाने हजारो वर्षे आमच्या कपाळावर, हातावर, पत्रिकेवर आमची लायकी लिहून ठेवली, त्याच समाजाच्या लिपीत आमची क्रांती लिहायची? तळहातावरची खूण झाडूची असो की भाल्याची, ती जन्मतः आहे असे म्हटले की स्वभाव आला. आणि उद्धार करणारे पोर म्हटले की अवतार आला. बावीस प्रतिज्ञांत देवाच्या अवतारावरचा विश्वास आम्ही नाकारलेला आहे. बेलछीच्या पोराला हत्यार हाती घ्यावेसे वाटले, तर ते बेलछीमुळे वाटेल. जमिनीच्या वादामुळे, मजुरीमुळे, जळालेल्या बापामुळे. तळहाताला त्यात काही काम नाही.

येथे दंतकथेतला नागार्जुन कवी नागार्जुनाला दुरुस्त करतो, ही गंमत पाहण्यासारखी आहे. बुस्तोनच्या कथेत जन्मलेल्या मुलाबद्दल ज्योतिषी सांगतो की, हे सात दिवसच जगेल. दानधर्माने ती मुदत सात महिन्यांची, मग सात वर्षांची होते. शेवटी आईबाप त्याला घराबाहेर धाडतात. पोर नालंदेला पोचते आणि भाकीत खोटे ठरते. दोन्ही कथांत भाकीत आहे, दोन्ही कथांत पोराला दूर धाडणे आहे. जुन्या कथेतले पोर भाकिताला ओलांडून मोठे होते. नव्या कवितेतले पोर भाकीत खरे करण्यासाठी वाढविले जाते. कवीने नाव घेतले, कथेचा सांगाडाही जवळपास तोच. पण नावाच्या आतला विचार या एका ठिकाणी त्याच्या हातून निसटला. मराठी दलित कविता बेलछीच्याही आधीपासून वेगळ्या वाटेने गेली. १९७२ च्या ‘गोलपिठा’त तारणहार बाळ नाही, तिथे शहर आहे, भूक आहे आणि त्यांनी घडविलेली माणसे आहेत.

६

यावर दोन आक्षेप येतील. ते आधीच घेतलेले बरे.

पहिला आक्षेप बाहेरून येतो. सवर्ण विचारवंत म्हणतील, जात स्वभावाने शून्य आहे ना? मग आरक्षण कशाला, ॲट्रॉसिटीचा कायदा कशाला? आम्ही तर जात मानीतच नाही. या चलाखीला नागार्जुनाजवळ उत्तर आहे. तो दोन सत्ये सांगतो : संवृतिसत्य म्हणजे लोकव्यवहाराचे सत्य आणि परमार्थसत्य. आणि तो बजावतो की, व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ शिकविता येत नाही. जातीला स्वभाव नाही, पण जातीला कारणे आहेत : जमिनीची मालकी, लग्नाची बंदिस्ती, वस्तीची वेगळी हद्द, पुजाऱ्याची मक्तेदारी. या कारणांनी जे दुःख निपजते ते खरे आहे. कारणे तशीच ठेवून जात शून्य आहे म्हणणे म्हणजे विस्तव हातावर ठेवून दाह शून्य आहे म्हणणे होय. तेराव्या प्रकरणात नागार्जुनाने स्वतःच सांगून ठेवले आहे की, जे शून्यतेलाच एक मत बनवून बसतात ते असाध्य होत.

दुसरा आक्षेप आतून येतो आणि तो आपल्या साहित्याशी संबंधित आहे. दलित साहित्य जन्माने दलित असलेल्यानेच लिहावे की दलित जाणीव असलेल्या कुणीही लिहावे, हा वाद सत्तरच्या दशकापासून आपल्या नियतकालिकांतून चालत आलेला आहे. नागार्जुनाला मान्य केले तर दलितत्वही स्वभावशून्य ठरते. मग आपल्या साहित्याचा वेगळेपणा तो काय राहिला?

उत्तरासाठी कारिकांच्या पहिल्याच प्रकरणातला शब्द घ्यावा : प्रत्यय. संस्कृत बौद्ध परिभाषेत प्रत्यय म्हणजे वस्तू घडविणारी परिस्थिती. मराठीत प्रत्यय येणे म्हणजे अनुभवास येणे. ‘प्रत्ययकारी’ हा तर मराठी समीक्षेचा लाडका शब्द. मराठीने नकळत दोन्ही अर्थ एका शब्दात सांभाळले आहेत. दलित अनुभव जन्माच्या स्वभावातून येत नाही. तो पाणवठ्यावरच्या थेंबातून, बलुत्याच्या भाकरीतून, शाळेतल्या वेगळ्या बसण्यातून, भाड्याच्या खोलीसाठी विचारलेल्या आडनावातून येतो. हे प्रत्यय ज्याला आले नाहीत त्याला केवळ सदिच्छेने ते लिहिता येणार नाहीत. म्हणून सवर्ण सहानुभूतीचे साहित्य पातळ होते. पण याच न्यायाने, केवळ आपला जन्म त्या घरातला आहे म्हणून ज्याने ते प्रत्यय विसरून टाकले त्यालाही जाणीव आपोआप राहणार नाही. नागपूरच्या वस्तीतून निघून सदनिकेत स्थिरावलेल्या तिसऱ्या पिढीने हे ऐकून घेतले पाहिजे. जाणीव वारसाहक्काने सातबाऱ्यावर चढत नाही. ती प्रत्येक पिढीला नव्याने मिळवावी लागते. आपल्या साहित्याचा वेगळेपणा रक्तात नाही, प्रत्ययात आहे. आणि म्हणूनच तो टिकवायचा तर राबावे लागेल.

७

आपण टेकडीसाठी भांडलो, ते चुकले असे मी म्हणत नाही. ज्यांचा इतिहास पुसला गेला त्यांना जमीन खणण्याचा हक्क आहेच. पण टेकडी मिळाली आणि ग्रंथ बंद राहिला, तर आपल्या हाती नागार्जुनाचे नाव उरेल आणि त्याचा विचार विद्यापीठांतल्या संस्कृत विभागांत पडून राहील.

करण्यासारखे काम ठरीव आहे. विहारांतल्या अभ्यासवर्गांत वंदना-परित्राणपाठाच्या जोडीला कारिकांचे पंधरावे आणि चोविसावे प्रकरण साध्या मराठीत वाचले जावे आणि त्याच्या शेजारी बाबासाहेबांच्या ग्रंथातले अनित्यतेचे प्रकरण ठेवावे. ‘रत्नावली’तला राजाला केलेला उपदेश आजच्या राज्यकर्त्यांपुढे वाचून दाखवावा, तुरुंगात कोणत्या जातींची माणसे भरलेली आहेत हे विचारण्यासाठी त्याचा उपयोग होईल. दलित समीक्षकांनी स्वभावाची कसोटी आपल्या कवितांना, कथांना, आत्मकथनांना लावावी : येथे माणूस कारणांनी घडताना दिसतो की जन्मतःच नायक म्हणून अवतरतो? ही कसोटी कडक आहे. ती सवर्ण लेखकांना लावली तशी आपल्यालाही लावावी लागेल.

ज्या घरांत नागार्जुन नावाची मुले आहेत, त्या आईबापांनी एवढे करावे. त्या मुलाने आपल्या नावाचा अर्थ विचारला, तर त्याला सापाची आणि झाडाची गोष्ट जरूर सांगावी. पण तेथेच थांबू नये. तू जन्मतः कोणीही नाहीस, उच्च नाहीस आणि नीचही नाहीस, आणि म्हणूनच तुला काहीही होता येईल, असे या नावाच्या माणसाने सांगितले होते, हेही त्याला सांगावे.